साधु! साधु! साधु! : एका शब्दाचा अडीच हजार वर्षांचा प्रवास



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तेव्हा तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळातल्या तरुण मुलांनी मला सांगितले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यापुढे लेणी, स्तूप, राजे आणि सनावळ्या येतात. त्या तर येतीलच. पण मी ठरवलं की इतिहास एका शब्दाचा लिहायचा. तो शब्द आपण सगळे रोज उच्चारतो. वंदना संपली की उच्चारतो, लग्नविधी झाला की उच्चारतो, नामकरणाला उच्चारतो, घरातलं माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनालासुद्धा उच्चारतो. साधु! साधु! साधु!

आपल्या विहारातली लहान पोरं बाकीची वंदना पुटपुटतात, गाथा अर्धी गिळतात, पण साधु आला की आवाज कसा खणखणीत निघतो! कारण त्यांना ठाऊक असतं, आता खीर वाटणार. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. पाळी सुटल्याचा भोंगा वाजावा तसा आपण हा शब्द ऐकतो. साधु झालं, आता चपला शोधा. एकदा शेजारच्या इमारतीतल्या एका आजींनी मला विचारले, "तुमच्याकडे दर रविवारी कुठले साधू येतात हो? नाव घेता पण दिसत कुणी नाहीत." आजींनी थट्टा केली नव्हती, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आजींचा तो प्रश्न आपल्यातल्या कित्येकांना विचारला तर उत्तर काय येईल? प्रार्थना संपवायचा शब्द आहे, एवढेच. ख्रिस्ती बांधव आमेन म्हणतात, मुसलमान बांधव आमीन म्हणतात, तसं आपलं साधु.

तसं नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमेन हा मूळ हिब्रू शब्द. 'खरे आहे, तसेच असो' असा त्याचा भाव. अरबीतला आमीन त्याचाच भाऊ. देवाजवळ काही मागितल्यावर तो म्हटला जातो आणि त्या धर्मात त्याला मोठा मान आहे, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण आपल्या वंदनेत मागणंच नाही, तर 'तसे घडो' म्हणायचं कोणाला? त्रिसरणात आपण सरण जातो, पंचशीलात आपण आपल्याच तोंडाने शिकवण घेतो. देणारा कोणी वर बसलेला नाही. म्हणून शेवटचा शब्दही वर पाहून म्हणायचा नाही. तो समोरच्या माणसाकडे पाहून म्हणायचा आहे.

आधी अर्थ पाहू. साध् या धातूचा अर्थ पुरे करणे, तडीस नेणे. आपण मराठीत म्हणतो ना, "काम साधलं", "वेळ साधली", तोच हा धातू. त्यावरून पालि आणि संस्कृत दोन्ही भाषांत साधु म्हणजे चांगले, योग्य, नीट झालेले. कोणी नीट बोलला, नीट वागला की 'साधु!' म्हणायचे. आजच्या बोलीत 'शाब्बास', 'बरोबर बोललास', 'छान केलंस'. पालित याचा आणखी एक उपयोग आहे, विनंतीचा. भगवंताकडे कोणी येऊन म्हणतो की मला थोडक्यात धम्म सांगाल तर साधु, म्हणजे बरे होईल. पंचशील दिल्यावर भन्तेजी जे वाक्य म्हणतात त्यातही 'साधुकं' आहे. तिथे त्याचा अर्थ नीटपणे, काळजीपूर्वक. आपण त्याला "आम भन्ते" म्हणतो. म्हणजे साधु हा शब्द शेवटी येण्याच्या आधीच एकदा येऊन गेलेला असतो, कानावरून जातो एवढंच!

भगवी वस्त्रे घातलेला साधू हा याच शब्दाचा नंतरचा अर्थ. चांगला माणूस, सज्जन, मग संन्यासी, अशी ती वाट. आणि दुसरी वाट फार गमतीची आहे. प्राकृतात साधुचे साहु झाले आणि मराठीत त्याचा झाला साव. चोर कोण आणि साव कोण असे आपण विचारतो, तो साव म्हणजे साधु. याच साहुपासून साहूकार आणि आपला सावकार. शब्दकोश सांगतात की मूळ शब्द साधुकार. आता पालि ग्रंथांत साधुकार म्हणजे काय, तर लोकांनी मोठ्याने साधु म्हणून दिलेली दाद. एकच शब्द, एकीकडे धम्मसभेतली दाद आणि दुसरीकडे ज्याच्या वहीत आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे उमटले तो सावकार. आपल्या भूमीतून धम्म मागे हटला, पण हा शब्द काही गेला नाही. वेश बदलून राहिला, आणि तोही कोणाच्या घरी जाऊन राहिला बघा!

आता इतिहासाकडे. हा शब्द प्रथम कोण कोणाला म्हणाले? आपण तो भगवंतांसमोर म्हणतो, म्हणून वाटतं की भक्तांनी भगवंतांना म्हटला असेल. पण तिपिटक चाळून पाहिले तर दिसते की साधु म्हणणारे पुष्कळ वेळा स्वतः तथागतच आहेत. ते आपल्या शिष्यांना म्हणतात. संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. आनंद म्हणाले, कल्याणमित्रांची सोबत म्हणजे अर्धे ब्रह्मचर्यच झाले. भगवंतांनी त्यांना थांबवले, तसे म्हणू नकोस, अर्धे नव्हे, ते सगळेच आहे. पुढच्याच सुत्तात सारिपुत्त येऊन म्हणतात की कल्याणमित्रता म्हणजे संपूर्ण ब्रह्मचर्य. तेव्हा भगवंत म्हणतात, साधु साधु सारिपुत्त. म्हणजे काय झाले? जवळच्या आनंदालासुद्धा अर्धवट बोलण्यावर साधु मिळाला नाही. पूर्ण बोलला त्याला मिळाला. साधु हा असा मोजून दिलेला शब्द आहे.

दुसरा प्रसंग सोण कुटिकण्णाचा. हा अवंतीचा, म्हणजे आताच्या उज्जैनकडचा. त्या भागात भिक्खू इतके कमी की याला उपसंपदा द्यायला लागणारे दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे गेली. पुढे तो भगवंतांना भेटायला गेला. एकाच विहारात रात्र काढली, पहाटे भगवंत म्हणाले, भिक्खू, धम्म म्हणून दाखव. त्याने सुत्तनिपातातल्या अट्ठकवग्गातली सोळाच्या सोळा सुत्ते स्पष्ट आवाजात म्हटली. भगवंत म्हणाले, साधु साधु, चांगले पाठ केलेस, चांगले ध्यानात ठेवलेस, उच्चार स्वच्छ आहेत आणि अर्थ कळतो. लक्षात घ्या, दाद मिळाली ती चमत्काराला नाही, पाठांतराला आणि शुद्ध उच्चाराला! त्याच भेटीत सोणाने आपल्या गुरूंचा निरोप सांगितला आणि भगवंतांनी दूरच्या प्रदेशासाठी नियम सैल केला, दहाऐवजी पाच भिक्खू चालतील. आपल्याकडे भन्तेजी मिळत नाहीत म्हणून कार्यक्रम लांबतो तेव्हा मला हा सोण आठवतो.

आणि तिसरा प्रसंग आपल्या दारातला आहे. म्हणून त्यावर जरा थांबतो.

मज्झिम निकायात पुण्णोवाद सुत्त आहे. पुण्ण नावाचा भिक्खू भगवंतांचा निरोप घ्यायला आला. कुठे राहणार, असे विचारल्यावर म्हणाला, सुनापरांत देशात. भगवंत म्हणाले, तिथले लोक उग्र आहेत, कठोर आहेत, तुला शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, तर मी समजेन की भली माणसे आहेत, हाताने तर मारत नाहीत. हाताने मारले तर? ढेकळे तर मारली नाहीत. ढेकळे मारली तर? काठी तर नाही मारली. काठी मारली तर? शस्त्र तर नाही चालवले. शस्त्र चालवले तर? जीव तर नाही घेतला. आणि जीव घेतला तर? पुण्ण म्हणाला, शरीराला कंटाळून मारेकरी शोधणारे लोकही जगात असतात, मला तो न शोधता मिळाला असे मी समजेन. तेव्हा भगवंत म्हणाले, साधु साधु पुण्ण. एवढा संयम असेल तर तू तिथे राहू शकशील.

हा सुनापरांत कुठला? अट्ठकथा सांगते की पुण्ण हा तिथल्या सुप्पारक बंदरातला. संस्कृत दिव्यावदानातही शूर्पारकच्या पूर्णाची मोठी कथा आहे. सुप्पारक म्हणजे सोपारा. आपली पोरं सकाळच्या गर्दीत ज्या विरार गाडीला लटकून येतात, तिच्या वाटेवरचं नालासोपारा! उदान ग्रंथातला बाहिय दारुचीरियसुद्धा याच सुप्पारकात समुद्रकाठी राहणारा. म्हणजे बोरीवली-अंधेरीकडच्या आपल्या लोकांनी धम्म नागपूरहून आणला, हे खरेच, पण त्याच्याही आधी कधीतरी तो इथून पाच-दहा स्टेशनांवर राहत होता. तथागतांच्या तोंडून निघालेला एक साधु सोपाऱ्याच्या माणसासाठी होता. आणि सुत्त सांगते की त्या एका वर्षावासात पुण्णाने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या. उपासिकांचा आकडा उपासकांएवढाच आहे, हे आमच्या कार्यकारिणीने वाचावे.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत दगडी करंडा निघाला. त्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक बसवलेल्या डब्या, आणि सर्वांत आत मातीच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. भोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. याच सातकर्णीच्या काळात आपल्या बोरीवलीच्या कान्हेरीचे मोठे चैत्यगृह दोन व्यापारी भावांनी खोदवले. कान्हेरीच्या दानलेखांत सोपारा आणि कल्याणच्या लोकांची नावे आहेत. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी ओटा, कोणी शेत. आमची मंडळी कान्हेरीला डबे घेऊन सहलीला जातात, फोटो काढतात आणि लेखांकडे न बघता परत येतात. असो.

सोपाऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे सापडले. आठव्या लेखाचा तुकडा 1882 साली सोपाऱ्यात, आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला, 1956 साली. होय, 1956! ज्या वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला त्याच वर्षी. यात मी चमत्कार पाहत नाही, आपण चमत्कार मानणारे नव्हे. पण लक्षात ठेवायला वर्ष सोपे आहे.

हा नववा लेख मंगलविधींबद्दल आहे. अशोक म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे. ते कसले, तर दास आणि चाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. गिरनारच्या खडकावर हा लेख वाचता येतो आणि तिथे या गोष्टी सांगताना शब्द कोणता वापरला आहे? साधु! संयम साधु, दान साधु. तिसऱ्या लेखात आई-वडिलांची सेवा साधु, कमी खर्च आणि कमी साठवण साधु. बाराव्या लेखात निरनिराळ्या पंथांनी एकमेकांचे ऐकावे असे सांगून म्हटले आहे की एकोपा हाच साधु. दास आणि चाकर हे शब्द त्या यादीत पहिले येतात, हे माझ्यासारख्या गिरणीत घाम गाळलेल्या माणसाला विशेष वाटते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या समुद्रकाठी उभा असलेला खडक, आणि त्यावर नोकराशी नीट वागण्याची गोष्ट.

म्हणजे अशोकाकडे साधु हा घोष नाही. ती कसोटी आहे. कोणती कृती चांगली, ते सांगणारा शब्द.

मग हा शब्द घोष कधी झाला? हळूहळू झाला. सुत्तांत बहुतेक ठिकाणी साधु दोनदा येतो, आपण तीनदा म्हणतो. सरण तीनदा, नमस्कार तीनदा, संघात उपसंपदेचा प्रस्तावही तीनदा वाचतात, त्याच वळणाने साधुही तीनदा झाला असे मला वाटते. आणि त्याच्यामागे कल्पना आली अनुमोदनाची. दुसऱ्याने केलेल्या चांगल्या कामाचा आपल्याला आनंद होणे आणि तो उघड बोलून दाखवणे म्हणजे अनुमोदन. अट्ठकथांत पुण्याची दहा कामे सांगितली आहेत, त्यांत दान आहे, शील आहे, आणि हे अनुमोदनही आहे. शेजाऱ्याच्या पोराला नोकरी लागली की पोटात दुखतं ना? त्याच्यावर हे औषध आहे.

ब्रह्मदेशात पगान इथे म्याझेदी शिलालेख आहे, सुमारे 1112 सालचा. पालि, प्यू, मोन आणि ब्रह्मी अशा चार भाषांत एकच मजकूर. राजा क्यान्सित्था मरणपंथाला लागलेला. त्याचा मुलगा राजकुमार, ज्याला राज्य मिळाले नाही. त्याने सोन्याची बुद्धमूर्ती घडवली आणि बापापुढे आणून ठेवली. राजाला आनंद झाला, त्याने साधु साधु म्हटले आणि दानाचे पाणी सोडले. राज्य न मिळालेल्या मुलाला बापाने दिलेला हा शब्द दगडावर कोरून राहिला. आजही ब्रह्मी लोक दान झाले की एका आवाजात म्हणतात, फक्त त्यांच्या जिभेवर तो थाडू होतो. सिंहली लोक शेवटचा साधु तोडून नुसता 'सा' लांबवतात. म्हणजे आपल्याकडे तो शब्द सावकाराच्या ओसरीवर बसला होता तेव्हा ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीप त्याला जपत होते.

तिथूनच तो परत आला. धर्मानंद कोसंबी गोव्याचे, 1902 साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, पालि शिकले, ब्रह्मदेशातही राहिले, आणि मग पालितला धम्म मराठीत आणला. 1937 साली त्यांनी परळला, म्हणजे ऐन गिरणगावात, बहुजन विहार काढला. कामगार आणि दलित वस्तीतल्या लोकांसाठी काढला. त्या काळी गिरण्यांत आपल्या माणसांना त्रासनखात्यात घेत, पण मागखात्यात घेत नसत. का, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा दोऱ्याला विटाळ! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. ज्या तोंडाचा दोऱ्याला विटाळ होत होता त्याच तोंडांनी पुढे पालि गाथा म्हटल्या, हे विसरू नका.

14 ऑक्टोबर 1956. नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांना दीक्षा दिली ती कुशिनगरच्या महास्थविर चंद्रमणी यांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातल्या अराकानचे. 7 डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी बाबासाहेबांच्या चितेसमोर हजारो लोकांना भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली. ते सिंहलमध्ये शिकलेले. माझे वडील तेव्हा पोरसवदा, त्या गर्दीत होते. ते सांगायचे की गाथा एकही कळत नव्हती, पण मागे मागे म्हणत गेलो. त्या वेळी सगळ्या मुंबईत पालि येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. खुद्द बाबासाहेबांनी लोकांसाठी 'बौद्ध पूजा पाठ' तयार केला होता, पालिचा शब्दकोशही करत होते, पण त्यांना वेळ मिळाला नाही. म्हणून आपल्या चाळींत वंदना कानावरून आली, पुस्तिकांवरून आली, पुढे कॅसेटवरून आली. कानावरून आलेल्या गोष्टीचा आवाज राहतो, अर्थ वाटेत सांडतो. त्यात त्या पिढीचा दोष नाही. त्यांनी आवाज तरी जपला. अर्थ गोळा करणे आपल्या पिढीचे काम होते.

आता वापराबद्दल थोडे बोलतो, काहींना ते लागेल.

पहिली गोष्ट. साधु म्हणण्याआधी ऐकावे लागते. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी भोगनगरला एक नियम सांगितला. कोणी भिक्खू येऊन म्हणाला की हे मी खुद्द भगवंतांकडून ऐकले आहे, तरी लगेच मान डोलवू नका आणि लगेच झिडकारूही नका. त्याचे शब्द नीट ध्यानात घ्या, सुत्त आणि विनयाशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, नाहीतर सोडा. म्हणजे खुद्द बुद्धाच्या नावाने सांगितलेल्या गोष्टीलाही आधी तपासणी, नंतर साधु. आणि आपण? वर्गणीचा हिशेब वाचून दाखवला, साधु. कोणी पुढारी येऊन निवडणुकीचे भाषण ठोकून गेला, साधु. एका विहारात तर मी लाऊडस्पीकर दुरुस्त झाल्याच्या घोषणेवरही साधु ऐकला!

हिशेबाला साधु नको, प्रश्न हवेत. संघाची रीत तर अशी होती की ठराव वाचून झाल्यावर ज्याला मान्य त्याने गप्प राहावे आणि ज्याला अमान्य त्याने बोलावे. संमतीला मौन पुरेसे. भगवंत जेवणाचे आमंत्रणही मौनानेच स्वीकारत. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले की भिक्खू संघांना सभेचे नियम, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सगळे माहीत होते. ठराव करण्याची ही एक पद्धत आणि चांगल्या कामाला दाद देण्याची साधु ही दुसरी पद्धत. दोन्हींची खिचडी केली की सभाही बिघडते आणि शब्दही.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. चूळवेदल्ल सुत्तात विसाख नावाचा उपासक धम्मदिन्ना भिक्खुणीला धम्माचे अवघड प्रश्न विचारतो. ती पूर्वाश्रमीची त्याची बायको, असे अट्ठकथा सांगते. ती उत्तर देते आणि प्रत्येक उत्तरावर तो म्हणतो, साधु अय्ये, आणि पुढचा प्रश्न विचारतो. पुढे भगवंतांनीही सांगितले की मला विचारले असते तर मीही हेच उत्तर दिले असते. आपल्याकडे महिला मंडळाने वर्षावासात तीन महिने ग्रंथ वाचायचा आणि समारोपाला व्यासपीठावर सहा पुरुष. वाचलेल्या बाईला प्रश्न विचारणारा आणि साधु म्हणणारा विसाख मला तरी अजून भेटायचा आहे.

तिसरी गोष्ट पुण्यानुमोदनाची. काही जणांना वाटते, माणूस गेलेल्या घरी साधु साधु काय म्हणायचे, बरे दिसत नाही. त्यांचा गैरसमज असा की साधु मरणाला म्हटला जातो. तो मरणाला नाही, जगण्याला आहे. गेलेल्या माणसाने जे चांगले केले त्याचे अनुमोदन. पण मग ते चांगले काय केले, हे कोणी सांगायला नको का? मागे एका मावशींच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. चार वक्ते बोलले. तिघांनी मावशींचे नावसुद्धा घेतले नाही, आपल्याच कार्याचा पाढा वाचला. प्रत्येक भाषणानंतर साधु साधु साधु. शेवटी मावशींची सून उठली, माइक नको म्हणाली. तिने सांगितले की 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सासूबाई लालबागला खानावळ चालवत होत्या. दोन्ही वेळचे गडी जेवायचे, पगार बंद, तरी ताट बंद केले नाही. अंगावरचे सोने गेले. पुढे कितीतरी गडी गावी निघून गेले, उधारी बुडाली. एके दिवशी सासूबाईंनी उधारीची वही चुलीत घातली आणि म्हणाल्या, आता कुणी रस्त्यात भेटला तर मान खाली घालून जायला नको त्याने.

सून बसली. कोणीच काही बोलेना. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराने एकट्याने म्हटले, साधु. आणि मग सगळ्यांनी.

गोराईच्या पॅगोड्यात, जो 2009 साली खुला झाला, तिथे ध्यानाच्या शेवटी सगळ्यांच्या भल्याची कामना केली जाते आणि हजारो साधक एका सुरात साधु म्हणतात. ते ऐकायला फार चांगले वाटते. आपल्या पत्र्याच्या विहारात पंचवीस माणसांचा आवाज तेवढा भरणार नाही. त्याची गरजही नाही. गरज आहे ती पुढच्या रविवारपासून मुलांच्या वर्गात तीन गोष्टी करून घेण्याची. गाथा म्हणणाऱ्या मुलाचे उच्चार नीट असतील तर वर्गाने त्याला साधु म्हणायचे, म्हणजे सोणाची गोष्ट सांगावी लागणार नाही. साधु म्हणताना घाई करायची नाही, तीन साधुंमध्ये श्वास घ्यायचा. आणि ज्याला पटले नाही त्याने न म्हणता प्रश्न विचारला तर त्याला दटावायचे नाही.

राहिला फलक. विहाराच्या दर्शनी भिंतीवर नवा फलक रंगवायचा आहे आणि पेंटरला मी मजकूर लिहून दिला आहे. मराठीच्या नियमाने साधू लिहिताना धू दीर्घ, तो संन्यासी. पालितला साधु ऱ्हस्व. दोन्ही वेगळे आहेत हे शेजारच्या आजींनासुद्धा समजावे म्हणून ऱ्हस्वच लिहायचे ठरले आहे. पेंटरने पहिल्यांदा दीर्घ काढला होता, तो पुसून घेतला.